आगम आणि भोग

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत मालकीचा विचार आला आहे, तेथें दोन शब्द जोडीनें येतात: आगम आणि भोग. आगम म्हणजे वस्तु आपल्याकडे कशी आली याचा आधार; खरेदी, दान, वारसा इत्यादि. भोग म्हणजे ती प्रत्यक्ष कोणाच्या हातीं आहे व कोण ती वापरीत आहे तें. स्मृतिकारांचा कल सामान्यतः आगमाकडे आहे. परंतु ज्या आगमाला थोड्याहि भोगाची जोड नाहीं त्यांत बळ नाहीं, असेंहि त्यांनीं म्हणून ठेवलें आहे. कायद्याचें काम एवढ्यानें भागतें. आम्हांस मात्र नेहमीं असें वाटत आलें आहे कीं, ज्या भाषेनें ताबा व आस्वाद या दोन्ही अर्थांना भोग हा एकच शब्द दिला, तिनें आपणांपुढें एक अवघड प्रश्न टाकून ठेवला आहे. वस्तु ताब्यांत असणें आणि तिचा आस्वाद घेतां येणें, हें एकच आहे काय? आणि एक नसेल तर वस्तूचा खरा धनी कोण? जिची पावती ज्याच्या पेटाऱ्यांत आहे तो, कीं जिचा रस ज्याला घेतां येतो तो?

हा प्रश्न आमच्यापुढें ग्रंथांतून आला असता तर आम्हीं तो वर्गांत विद्यार्थ्यांपुढें मांडून त्यांतून अंग काढून घेतलें असतें. परंतु तो आला दोन लांकडी पेट्यांतून, आणि तोहि घरांतच आला. त्यामुळें तो टाळतां आला नाहीं.

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगांव तालुक्यांतील साखरा हें आमचें गांव. नोकरीनिमित्त आम्ही आठवड्यांतील पांच-सहा दिवस शहरांत काढतों. परंतु गांवचें वडिलोपार्जित माळवदाचें घर अद्याप उभें आहे आणि सुटीचा दिवस आम्ही तेथेंच घालवितों. त्या घराच्या मधल्या खोलींत जमिनीवर उभ्या राहणाऱ्या, कमरेहून किंचित् उंच अशा दोन स्पीकरच्या पेट्या आहेत. १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत इंग्लंडांत बनलेल्या या पेट्या आम्हीं १९९६ सालीं मुंबईच्या चोरबाजारांतून जुन्या म्हणूनच विकत घेतल्या. तेव्हां आमचें गांव परभणी जिल्ह्यांत मोडत असे. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १९९९ च्या महाराष्ट्रदिनीं. म्हणजे आमच्या घरांतील हे परदेशी पाहुणे आमच्या जिल्ह्याहून वडील ठरले.

ज्यांना या यंत्राचा परिचय नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. चुंबकाच्या खोबणींत तारेचें एक वेटोळें असतें व त्या वेटोळ्याला कागदाचा शंकु जोडलेला असतो. तारेंतून गाण्याची वीज वाहूं लागली कीं वेटोळें पुढेंमागें हालतें, त्याबरोबर शंकु हालतो आणि शंकूपुढची हवा हालते. अमेरिकेंतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं १९२५ सालीं या रचनेचें जें स्वरूप मांडलें, त्याच्या मूळ तत्त्वांत शंभर वर्षांत फारसा फरक पडलेला नाहीं. खर्जाचा स्वर उमटवावयाचा तर पुष्कळ हवा हालवावी लागते. सेकंदास चाळीस कंपनें असलेल्या स्वराची एकेक लाट सुमारें साडेआठ मीटर लांब असते. म्हणून जुन्या कारागिरांनीं पेट्या मोठ्या बांधल्या. पुढें १९५४ सालीं एडगर व्हिल्चर यांनीं हवाबंद लहान पेटींतूनहि खोल खर्ज काढण्याची युक्ति दाखविली, शहरांतले दिवाणखानेहि आंखूड होत गेले, आणि मोठाल्या पेट्या हळूहळू अडगळींत जाऊं लागल्या. अशाच एका अडगळींतून आमची जोडी आमच्याकडे आली. आमच्या प्रत्येक पेटींत चार स्पीकर आहेत. सर्वांत खालचा जेवणाच्या ताटाएवढा, खर्जासाठीं. आणि सर्वांत वरचा रुपयाएवढा, ज्याच्याकडे सेकंदास तेरा हजारांहून अधिक असलेल्या कंपनांचेंच काय तें काम आहे. या वरच्या चिमुकल्याला वाचकांनीं विसरूं नये. पुढें त्याच्यासमोरच आमची परीक्षा व्हावयाची आहे.

पेट्या एस. टी.च्या टपावरून तालुक्यापर्यंत व तेथून बैलगाडीनें घरीं आल्या. आमचे वडील कोरडवाहू शेतकरी. त्यांस आम्ही बापू म्हणत असूं. त्यांनीं पेट्यांना एक प्रदक्षिणा घातली, बोटानें लांकूड वाजवून पाहिलें व किंमत विचारली. आम्हीं ती सांगितली. ती आमच्या दोन महिन्यांच्या पगाराइतकी होती. बापूंनीं मनांत हिशेब केला व म्हणाले, "म्हंजी एक बैल गेला." मग जरा थांबून त्यांनीं विचारलें, "बैल म्हातारा झाला तरी दावणीला ऱ्हातो. हे म्हातारं झाल्यावर काय करशील?"

आम्ही त्या वेळीं हसलों. नवी पदवी, नवी नोकरी आणि नवी वस्तु या तिन्ही गोष्टी ज्याच्याजवळ एकदम येतात त्याला आपल्या वडिलांचा प्रश्न कळण्याचा संभव थोडाच असतो. आज इतक्या वर्षांनीं आम्हांस दिसतें कीं, त्या एका वाक्यांत त्यांनीं दोन प्रश्न विचारले होते. पहिला असा कीं, ज्या घरांत एक बैल अधिक असता तर एक पेरणी वेळेवर झाली असती, त्या घरांतील माणसानें गाण्याच्या सुखासाठीं एवढा पैसा खर्चावा काय? आणि दुसरा असा कीं, वस्तूशीं नातें जोडल्यावर तें कोठपर्यंत पाळावयाचें?

पहिल्या प्रश्नाला आम्हीं पुष्कळ वर्षें एक ठरीव उत्तर देत आलों. आमचें म्हणणें असें कीं, चैन ही वस्तूंत नसून वस्तु बदलण्यांत आहे. आमच्या बरोबरीच्या मित्रांनीं या काळांत कॅसेटचें यंत्र घेतलें, तें टाकून सी. डी.चें घेतलें, तेंहि टाकून खिशांत मावणारें घेतलें, आणि आतां त्यांचें सगळें संगीत फोनांत आहे. आम्हीं मात्र एकदांच विकत घेतलें आणि त्यावरच समाधान मानलें. गांवांतील सुतारानें दोन वेळां त्यांच्या लांकडाला तेलपाणी केलें. एवढाच काय तो वरचा थाट. शिवाय माळवदाच्या घराच्या जाड मातीच्या भिंती आवाज उलटून अंगावर फेकीत नाहींत, त्यामुळें शहरांतल्या फरशीच्या खोलीपेक्षां येथें गाणें अधिक शांतपणें ऐकूं येतें. तेव्हां योग्य वस्तु योग्य जागीं आली, ती टिकली, आणि तिनें आमची हांव वाढविण्याऐवजीं शमविली. यांत दोष कसला? तृप्ति हा जर सद्गुण असेल तर आमच्या पेट्या आम्हांस सद्गुण शिकवीत होत्या, असा आमचा युक्तिवाद होता.

या युक्तिवादाला पहिला तडा एका दुरुस्तीनें गेला. त्या काळच्या पुष्कळशा स्पीकरांत शंकूच्या कडेला फोमची पट्टी लावीत. हवेंतील दमटपणानें हा फोम पंधरा-वीस वर्षांत सडतो व बोट लावतांच त्याची भुकटी होते. आमच्या पेट्यांचाहि तोच प्रकार झाला. आम्हीं एका कारागिराकडून खर्जाच्या दोन्ही स्पीकरांना नवी कड बसवून घेतली आणि समाधानानें ऐकूं लागलों. आवाज थोडा पातळ वाटला, पण आम्हीं त्यालाच 'अधिक स्वच्छ' असें नांव दिलें. घरीं येणाऱ्या पाहुण्यांस आम्ही सांगत असूं कीं, नव्या कडेमुळें डग्ग्यांतील फाजील घुमारा गेला असून आतां शब्द कसे कोरून काढल्यासारखे ऐकूं येतात. पाहुणे माना डोलवीत. असा हा सोहळा दोन वर्षें चालला.

एके दिवशीं आमचा पुतण्या खोलींत आला. तो तेव्हां बारा-तेरा वर्षांचा होता व विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीच्या हाताखालीं सुटींत काम करी. तो क्षणभर ऐकत राहिला आणि म्हणाला, "काका, ह्या दोघी भांडल्यावानी वाजायल्या." आम्हीं त्याला संगीतांतले बारकावे समजावून सांगण्यास आरंभ केला. त्यानें तें बोलणें मुकाट्यानें ऐकून घेतलें, खिशांतून बॅटरीचा एक साधा सेल काढला व तारा सोडवून त्याचीं दोन्ही टोकें पेटीच्या तारांना टेकविलीं. उजव्या पेटीचा मोठा शंकु बाहेर सरकला. तसाच सेल त्यानें डाव्या पेटीला लावला. तिचा शंकु आंत गेला. दुरुस्तीच्या वेळीं एका बाजूच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. एक शंकु हवा पुढें ढकलीत असतां दुसरा ती मागें ओढीत होता, आणि दोघांच्या मध्यें खर्ज नाहींसा होत होता. त्यानें तारा फिरवून जोडल्या. डग्गा बोलूं लागला, आणि आम्हीं ज्याला दोष ठरविलें होतें तो घुमारा घरांत परत आला.

त्या दिवशीं आम्हांस जी लाज वाटली ती कारागिराच्या चुकीबद्दलची नव्हती. हाताची चूक कोणाचीहि होते. दोन वर्षें आम्हीं नक्की कशाचा आस्वाद घेत होतों, याची ती लाज होती. गाण्याचा नव्हे, हें उघड होतें. कारण गाण्याचा पायाच हरवला होता. आम्हीं आस्वाद घेत होतों तो आपण या वस्तूचे मालक आहों या जाणिवेचा. मालकीला हा एक विलक्षण गुण आहे कीं, ती आस्वादाची हुबेहूब नक्कल करूं शकते. ग्रंथांनीं भरलेलें कपाट पाहून वाचल्याचें समाधान होतें, यात्रेचें तिकीट काढतांच पुण्य लागल्यासारखें वाटतें, आणि पदव्यांची माळ नांवापुढें लागली कीं विद्या आल्याचा भास होतो. कायदा आगम पाहून निर्णय देतो तें ठीकच आहे. पण मनहि आगमच पाहून सुखाचा निर्णय देऊं लागलें म्हणजे भोग नांवालाहि उरत नाहीं.

यानंतर आम्हीं आपल्या समर्थनाचा पाया बदलला. आस्वादाबद्दल बढाई मारण्याचा अधिकार गेला असला तरी सेवा केल्याचा अधिकार उरलाच होता. पुढच्या वर्षांत त्या पेट्यांतील पुष्कळसे भाग बदलले. वाळलेले कपॅसिटर गेले, आंतील तारा गेल्या, पुढची जाळी उंदरांनीं खाल्ली म्हणून तीहि गेली. मिलिंदराजाला नागसेन भिक्षूनें रथाविषयीं प्रश्न विचारले, ते येथें आठवतात. चाक म्हणजे रथ नव्हे, आंस म्हणजे रथ नव्हे, जूं म्हणजेहि रथ नव्हे. तर मग रथ तो कोणता? आमच्या पेट्यांबद्दल तसेंच विचारतां येईल. परंतु आम्हांस वाटे कीं, वस्तूचें एकपण तिच्या भागांत नसलें तरी तिला जपणाऱ्याच्या सातत्यांत असतें. खंडेनवमीला आम्ही तिची पूजा करीत होतों, भारनियमनांत वीज जाऊन अकस्मात् परत येई तेव्हां धांवत जाऊन आधीं तिची कळ बंद करीत होतों, पावसाळ्यांत माळवद गळूं लागलें कीं घोंगडें प्रथम तिच्यावर पडत होतें. बापूंनीं म्हाताऱ्या बैलाचें उदाहरण दिलें होतें. त्या कसोटीला आपण उतरलों, असें आम्हांस वाटूं लागलें.

बापू २००९ सालीं गेले. अखेरच्या वर्षांत ते उंबऱ्यावर बसून पं. भीमसेन जोशी यांच्या अभंगांची तबकडी ऐकत. पेट्यांच्या समोर ते कधीं बसले नाहींत. समोर बसलें तर आवाज चांगला ऐकूं येतो असें आम्हीं सांगितल्यावर म्हणाले, "देवळांत का समोर बसावं लागतं?" नरसी हें नामदेवांचें गांव आमच्याच जिल्ह्यांत आहे, त्या बाजूकडे तोंड करून ते बसत. पेट्यांच्या किमतीचा विषय त्यांनीं पुन्हां कधीं काढला नाहीं, आणि त्यावरून आम्हीं अशी सोयीची समजूत करून घेतली कीं, एका बैलाचा हिशेब आतां फिटला.

तो फिटला नव्हता हें २०१६ च्या उन्हाळ्यांत कळलें. लागोपाठ दोन वर्षें पाऊस रुसला होता. त्या एप्रिलांत मिरजेहून लातूरला आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, हें वाचकांना स्मरत असेल. आमच्या भागांत विहिरी तळाला गेल्या होत्या आणि कडब्याच्या पेंढीला सोन्याचा भाव आला होता. त्याच सुमारास जुन्या ध्वनियंत्रांचा संग्रह करणाऱ्या पुण्याच्या एका गृहस्थांनीं आमच्या पेट्यांबद्दल विचारणा केली. अडगळीच्या या मालाला मधल्या काळांत शौकिनांच्या जगांत मोठें मोल आलें होतें. त्यांनीं देऊं केलेली रक्कम आमच्या मूळ किमतीच्या दसपटीहून अधिक होती. आम्हीं नकार दिला, आणि नकार देतांना आम्हांस मोठें धन्य वाटलें. ज्यांनीं इतकीं वर्षें साथ दिली त्यांना पैशासाठीं विकावयाचें नाहीं, असें कांहींसें वाक्यहि आम्हीं फोनवर बोललों.

त्याच आठवड्यांत आमच्या शेजारच्या शेतकऱ्यानें आपली बैलजोडी बाजारांत नेली. त्यांतला एक बैल त्याच्या घरच्याच गाईचा होता. पोळ्याच्या दिवशीं त्या बैलाच्या शिंगांना बेगड लावतांना आम्हीं त्या माणसाला दरवर्षीं पाहिलें होतें. जनावर उपाशीं दावणीला मरावें, त्यापेक्षां विकलेलें बरें, असें तो म्हणाला, आणि पहांटे कोणी उठण्यापूर्वीं जोडी घेऊन निघून गेला. परत आल्यावर दोन दिवस तो गोठ्याकडे फिरकला नाहीं.

आम्ही त्या रात्रीं कांहीं ऐकलें नाहीं. आमची निष्ठा आणि त्याची निष्ठा यांतला फरक आमच्यापुढें उभा राहिला होता. निष्ठा त्याचीच अधिक होती. बैल त्याच्याबरोबर राबला होता, आमच्या पेट्या आमच्यासाठीं केवळ वाजल्या होत्या. तरी त्याला जोडी विकावी लागली, आणि आम्हांस मात्र नकार देऊन वर धन्यता मिरवितां आली. याचें कारण एवढेंच कीं, आमच्या खात्यांत महिन्याच्या पहिल्या तारखेस पगार जमा होतो आणि त्याचा पगार मृग नक्षत्राच्या हातीं आहे. ज्या सद्गुणाची किंमत दुसऱ्याच कोठून तरी परस्पर भरली जाते, त्याला सद्गुण म्हणावें कीं सवलत? पेट्या विकून त्या पैशांतून त्या शेजाऱ्याला कडबा घेऊन द्यावयास आम्हांस कोणी अडविलें नव्हतें. तो विचार आमच्या मनांत आला तोहि बैलजोडी गेल्यानंतर आला. आम्ही हें येथें कबूल करतों तें पश्चात्तापाचें प्रदर्शन करावें म्हणून नव्हे, तर जुन्या वस्तूंवरील प्रेमाविषयीं जें गोड गोड लिहिलें जातें त्यांत हा हिशेब क्वचित् मांडलेला असतो म्हणून. आपल्या वस्तूला चिकटून राहतां येणें ही पुष्कळदां प्रेमाची खूण नसून सुस्थितीची खूण असते.

तेव्हां आस्वादाचा आधार गेला, सेवेचाहि गेला. उरला तो केवळ आगम, म्हणजे चोरबाजारांतला एक चिटोरा. आणि तोहि पुरेसा नाहीं हें आम्हांस गेल्या वर्षीं कळलें.

पुतण्या आतां पंचविशीच्या आसपास असून त्याचें स्वतःचें मोटारी भरण्याचें दुकान आहे. दिवाळींत तो घरीं आला होता. आम्हीं एक जुनी तबकडी लावली होती. तंबोरे जुळून गाणें सुरू व्हावयाच्या आधींच तो उठला, डाव्या पेटीच्या वरच्या अंगाला कान लावला, मग उजवीला लावला आणि म्हणाला, "काका, डावीकडची वरची बारकी मुकी हाय. कव्हापासून?"

आम्हीं कान लावला. डावीकडे कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग उजवीकडे कान लावला. तेथेंहि कांहीं ऐकूं आलें नाहीं. उजवी चालू आहे असें तो शपथेवर सांगत होता. त्याला तिच्यांतून सुईची सळसळ व तंबोऱ्याच्या जवारीची अगदीं वरची झिलई ऐकूं येत होती. आम्हांस दोन्ही पेट्या सारख्याच मुक्या होत्या.

यांत चमत्कार कांहीं नाहीं. तरुण व निरोगी कानाला सेकंदास वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकूं येऊं शकतो. वयाबरोबर ही मर्यादा वरून खालीं उतरत जाते, आणि पन्नाशी उलटल्यावर बारा-तेरा हजारांपलीकडचें जग पुष्कळांना बंद होतें. कानाच्या आंतील सूक्ष्म रोमपेशी एकदां गेल्या कीं मनुष्यदेहांत त्या पुन्हां उगवत नाहींत. म्हणजे तो चिमुकला स्पीकर किती वर्षांपूर्वीं जळाला हें आम्हांस कधींच कळणार नव्हतें. आणि तो जळाला नसतां तरी आमच्यापुरता तो जळल्यासारखाच होता. दांत आहेत तर चणे नाहींत आणि चणे आहेत तर दांत नाहींत, ही म्हण आम्हीं आजवर दुसऱ्यांस लावीत आलों. ती आपल्यावर बसल्यावर तिची धार कळली.

मग प्रश्न असा आला कीं, तो स्पीकर बदलावा किंवा कसें? मुंबईच्या एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडे तशीच जोडी होती, पण किंमत थोडीथोडकी नव्हती. सौभाग्यवतींनीं सरळ विचारलें कीं, जें तुम्हांला ऐकूंच येणार नाहीं त्यावर पैसे कशाला? प्रश्न बिनतोड होता. सुखाच्या कोणत्याहि हिशेबांत या खर्चाला जागा नव्हती. आणि तरीहि आम्हांस असें वाटूं लागलें कीं, या पेट्यांच्या बाबतींत आम्हीं आजवर केलेल्या सर्व खर्चांत हाच एक खर्च निर्दोष ठरण्याचा संभव आहे. पहिल्या खर्चांत हौस होती, नंतरच्या खर्चांत अभिमान होता, त्या गृहस्थांना दिलेल्या नकारांत सुस्थितीचा दिमाख होता. या खर्चांत आम्हांला मिळावयाचें असें कांहींच नव्हतें. ईशोपनिषदाच्या पहिल्याच मंत्रांत त्याग आणि भोग हे दोन शब्द एकमेकांना लागून आले आहेत. वर्गांत त्यांचा अन्वय लावतांना आम्ही नेहमीं अडखळत असूं. कारण टाकावयाचें आणि भोगावयाचें हें एकाच दमांत कसें, हें आमच्या अनुभवांत नव्हतें. गांधीजींनीं विश्वस्तपणाची जी कल्पना मांडली तिच्यामागेंहि हाच मंत्र होता. तीहि आम्हीं धनिकांना सांगण्याची गोष्ट मानीत होतों. एका मुक्या स्पीकरानें ती आमच्या घरांत आणली.

आम्हीं ती जोडी मागविली. पुतण्यानें ती बसविली, दोन्हीकडे कान लावून पाहिला व मान हालविली. आम्हीं त्याच्या तोंडाकडे पाहून समजलों कीं, आतां बरोबर वाजत आहे. आपल्या पेटींतील गाणें दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून ऐकण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

त्यानंतर आम्हीं त्या खोलीची एक किल्ली त्याच्या हवालीं केली. हें लिहितांना सोपें वाटतें, पण तसें तें नाहीं. तो आमच्या तबकड्या क्वचितच लावतो. त्याचीं गाणीं निराळीं आहेत; त्यांत ढोलाचा दणका फार, आणि गांवांतील त्याचे चार-सहा मित्र जमले म्हणजे आवाजाची कळहि आमच्या खुणेच्या पुढें जाते. एकदां आम्हीं रागावून म्हणालों, या पेट्या असल्या गाण्यासाठीं बनलेल्या नाहींत. त्यानें शांतपणें उत्तर दिलें, "काका, त्यांला कुठं म्हाईत, कशासाठीं बनल्यात?" आम्हांस बोलतां आलें नाहीं. स्पीकराचें ब्रीदच असें आहे कीं, त्यानें स्वतःचें कांहीं न मिसळतां जें आलें तें पुढें द्यावें. जो स्पीकर स्वतःचा आवाज मिसळतो तो सदोष समजला जातो. तीस वर्षें ज्याच्या सहवासांत काढलीं त्याचा हा गुण मालकानें मात्र घेतला नाहीं. वस्तु दिली, पण तिच्याबरोबर आपली आवडहि देऊं केली, तर तें देणें म्हणजे ताबा राखण्याचीच एक रीत झाली. विश्वस्त होण्यांत अवघड भाग पैसा सोडण्याचा नाहीं; तो हा आहे.

तरी आम्ही अजून पुरते शिकलों आहों असें म्हणवत नाहीं. तो नसतांना आम्ही खोलींत जातों, कळ आपल्या खुणेवर आणून ठेवतों आणि बापूंची अभंगांची तबकडी लावतों. आतां आम्हीहि समोर न बसतां उंबऱ्यावर बसतों. तेथून वरचे स्वर तसेहि कमीच ऐकूं येतात, त्यामुळें आमचें नुकसान होत नाहीं.

ज्या स्मृतीपासून आरंभ केला तिच्यांतच एक वचन असें आहे कीं, आपली वस्तु दुसरा भोगीत असलेला पाहूनहि जो धनी कांहीं बोलत नाहीं, त्याची भूमि वीस वर्षांनीं जाते आणि इतर धन दहा वर्षांनीं जातें. स्मृतिकारांनीं हा नियम गाफील मालकाला धाक म्हणून घातला. आम्हांस मात्र त्यांत एक वाट दिसते. पेट्या भूमींत मोडत नाहींत. त्यांची मुदत दहा वर्षांची. किल्ली देऊन एक वर्ष होत आलें आहे. उरलेलीं नऊ वर्षें पाहात राहावें आणि बोलूं नये, एवढेंच आम्हांस साधावयाचें आहे. गेल्या रविवारीं आवाज पुन्हां खुणेपुढें गेला होता, आणि आम्ही दोन वेळां दारापर्यंत जाऊन परत आलों.